डोक्यावरचं जाळं, पायाखालचा गुंता

शहर चकाचक दिसायचं तर वायरी जमिनीखाली गेल्याच पाहिजेत, हे आपल्या सगळ्यांना पटतं. पण खाली गेल्यावर त्यांचं नेमकं काय होतं? थोडं खोदून बघितलं!

एक छोटासा प्रयोग करा. आज ऑफिसमधून घरी जाताना सिग्नलला थांबलात, की मोबाइल खिशातच राहू द्या आणि मान जरा वर करा. काय दिसतं? आधी विजेच्या तारा. त्याखाली काळ्या केबल्सचा जुडगा. त्याच्याखाली कुठल्याशा इंटरनेट कंपनीची सुटलेली वायर, आणि खांबाला टांगलेली मोठ्ठी भेंडोळी. दुकानात उरलेली सुतळी गुंडाळून ठेवावी तशी. संक्रांतीचा एखादा पतंग अजून अडकलेला. बाजूच्या झाडाच्या फांद्या मधोमध कापलेल्या, कारण वायरीला वाट हवी होती.

आम्हा पुणेकरांना या जाळ्याची इतकी सवय आहे, की ते आठवतं फक्त गणपतीत. मिरवणुकीच्या पुढे एक कार्यकर्ता लांब बांबू घेऊन चालत असतो. लोंबणारी वायर आली की तो बांबूच्या टोकाने ती वर उचलून धरतो, मागून रथ जातो, आणि ढोल पुन्हा सुरू. अख्ख्या मिरवणुकीतलं सगळ्यात जबाबदारीचं काम त्याचं, पण त्याचा फोटो कोणी काढत नाही.

म्हणूनच आमच्या रस्त्यावर ‘भूमिगत वाहिन्यांचे काम चालू आहे’ असा बोर्ड लागला, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर आनंदाचं उधाण आलं. ‘आता आपला रोड फॉरेनसारखा!’ असा पहिला मेसेज. मला मात्र एकच प्रश्न पडला, ‘सगळ्या वायरी जाणार, की काही?’ उत्तर शोधायला लागले आणि कळलं, की सगळी मेख या एका प्रश्नातच आहे.

वर कोण कोण राहतं?

खांबावरच्या सगळ्या वायरी आपल्याला सारख्याच दिसतात, पण त्यांचे मालक वेगळे, वयं वेगळी आणि स्वभावही वेगळे. सगळ्यात वरची विजेची तार बहुतेक ठिकाणी चक्क उघडी असते. तिच्यावर रबर नाही, प्लॅस्टिक नाही. तिचं आवरण म्हणजे भोवतालची हवा. म्हणून तर ती स्वस्त पडते! अॅल्युमिनियमची तार, चिनी मातीचे किंवा पॉलिमरचे इन्सुलेटर आणि खांब, की झालं काम. बिघाड झाला तर वायरमन खालून बघूनच सांगतो, ‘तिकडं तार तुटलीय.’

हीच वीज जमिनीखालून न्यायची म्हटली की फंडाच बदलतो. मातीत हवेचं फुकटचं आवरण मिळत नाही. मग तारेभोवती खास प्लॅस्टिकचा जाड थर हवा, बाहेरून लोखंडी चिलखत हवं. चर खणायचा, तळाला वाळू अंथरायची, त्यावर केबल, वर पुन्हा वाळू, मग विटा किंवा फरश्या आणि वर धोक्याची पट्टी, म्हणजे उद्या कोणाची कुदळ खाली आली तर आधी ती पट्टी दिसेल. केबल तापते आणि ती उष्णता मातीतूनच बाहेर पडायची असते. त्यामुळे एका चरात दहा केबल्स कोंबल्या तर चालत नाही. या सगळ्याचा हिशेब केला तर भूमिगत लाइन वरच्या लाइनच्या कितीतरी पट महाग पडते.

पण वरची स्वस्ताई आपण दुसरीकडून फेडत असतोच. विजेचा धक्का लागून आपल्या देशात दरवर्षी बारा हजारांहून जास्त माणसं जातात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अलीकडच्या वर्षांचे अहवाल सांगतात. यातले सगळेच मृत्यू रस्त्यावरच्या तारांमुळे होत नाहीत, हे खरं. तरी पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात तुटून पडलेली तार ही बातमी आपण दरवर्षी वाचतो. आणि वादळ आलं की वरची लाइन किती लेचीपेची ठरते, ते कोकणाने ३ जून २०२० ला पाहिलं. निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यात खांबांच्या रांगा आडव्या केल्या आणि काही गावांना वीज यायला आठवडे लागले. तेव्हा वायरी खाली नेणं ही काही नुसती ब्यूटी पार्लरची ट्रीटमेंट नाही. प्रश्न जिवाचाही आहे.

मीटरमागे १२,१९२

आता विजेच्या तारेखाली लोंबणाऱ्या त्या काळ्या जुडग्याकडे वळू. ही मंडळी वर का राहतात? याचं उत्तर पुण्यात एका आकड्यात मिळतं. रस्ता खोदून केबल टाकायची तर पुणे महापालिकेने खासगी कंपन्यांना काही वर्षं लावलेला दर होता मीटरला १२,१९२ रुपये. हो, किलोमीटरला नव्हे, मीटरला! खोदलेला रस्ता पुन्हा नीट करायचा खर्च म्हणून हे पैसे. त्यातही खोदाईची परवानगी पावसाळा सोडूनच.

उलट खांबाखांबांवरून, झाडावरून, या गच्चीवरून त्या गच्चीवर वायर टाकायची तर? एक शिडी, दोन पोरं आणि एक दुपार. परवानगी कोण बघतंय? तुम्हीच सांगा, कंपनी काय करेल? आणि आपण तरी काय करतो? महिन्याला शंभर रुपये कमी म्हणाला की नवा ब्रॉडबँडवाला पकडतो. जुना आपली वायर काढून न्यायला थोडीच येतो? ती तिथेच लोंबत राहते. म्हणजे डोक्यावरच्या त्या जुडग्यात चालू वायरी किती आणि मेलेल्या किती, हे कोणालाच ठाऊक नसतं.

याचा अर्थ इतकाच, की रस्ता खोदणं महाग आणि खांबावर टांगणं जवळपास फुकट असेल, तोवर कितीही कारवाया केल्या तरी जाळं पुन्हा विणलं जाणार. आज कापलेली केबल आठवड्यात परत वर!

न्यूयॉर्कसुद्धा असंच होतं

‘आपल्याकडेच असं’ म्हणून उसासा टाकायच्या आधी १८८० च्या दशकातल्या न्यूयॉर्कचे फोटो बघा. उंचच उंच लाकडी खांब, त्यांवर आडव्या पट्ट्यांच्या माळा आणि आकाश झाकून टाकणाऱ्या तार, टेलिफोन आणि विजेच्या शेकडो वायरी. एकेका रस्त्यावर वेगवेगळ्या कंपन्यांच्या. मोठ्या शहरांतल्या वायरी जमिनीखाली घ्या, असा कायदा तिथे १८८४ मध्येच झाला होता. कंपन्यांनी तो मनावर घेतला नाही.

मग मार्च १८८८ मध्ये प्रचंड हिमवादळ आलं. खांब कोसळले, वायरी तुटल्या, शहराचा जगाशी संपर्कच तुटला. तरीही काम रेंगाळलं. ११ ऑक्टोबर १८८९ ला जॉन फीक्स नावाचा लाइनमन वायरींच्या जंजाळात काम करत असताना, भर दुपारी, रस्त्यावरच्या गर्दीसमोर विजेचा धक्का लागून गेला. लोक खवळले. महापौर ह्यू ग्रँट यांच्या कारकिर्दीत शहराने कुऱ्हाडी काढल्या आणि खांब अक्षरशः तोडले. आज मॅनहॅटनच्या फोटोत वायर दिसत नाही, त्यामागे ही गोष्ट आहे. कायदा होताच. तो पाळला जायला एका माणसाचा जीव जावा लागला.

आपल्याच घरातलं उदाहरण

आणि हो, अगदी न्यूयॉर्कपर्यंत जायचीही गरज नाही. पुढच्या वेळी मुंबईत फोर्ट किंवा दादरच्या रस्त्यावर उभे राहा आणि विजेचे खांब शोधा. दिव्याचे खांब सापडतील, पण इमारतींना वीज देणाऱ्या तारा वर दिसणार नाहीत. कुलाब्यापासून माहीम आणि शीवपर्यंत ‘बेस्ट’ची वीज जमिनीखालून फिरते. १९०५ साली सुरू झालेल्या कंपनीचा हा वारसा. गंमत म्हणजे याच कंपनीने १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम आणली, आणि ट्रामसाठी मात्र तारा डोक्यावरच होत्या. १९६४ मध्ये ट्राम गेली, तशा त्याही गेल्या.

पण आता त्याच दादरच्या गल्लीत जरा आत शिरा. या इमारतीवरून त्या इमारतीवर झेपावणाऱ्या केबल टीव्हीच्या आणि इंटरनेटच्या वायरी! शंभर वर्षांपूर्वी खाली गेलेल्या विजेच्या शेजारी यांना जागाच ठेवलेली नव्हती. कशी ठेवणार? तेव्हा टीव्हीसुद्धा जन्मला नव्हता. इथेच एक महत्त्वाचा धडा आहे. जमिनीखाली आजच्या वायरींची सोय करून भागत नाही. अजून जन्माला न आलेल्या वायरींसाठीही रिकामे पाइप टाकून ठेवावे लागतात.

सेंट मार्क्स रोडवरची झाकणं

हा धडा बेंगळुरूने गिरवायचा प्रयत्न केला. कामानिमित्त तिकडे गेले, की मी सेंट मार्क्स रोड आणि रेसिडेन्सी रोडवर मुद्दाम चालते. हो, चालते! कारण तिथला फुटपाथ दोघांनी गप्पा मारत जाता येईल एवढा रुंद आहे. आणि त्या फुटपाथवर ठरावीक अंतरावर चेंबरची झाकणं दिसतात. खरी करामत त्या झाकणांखाली आहे.

‘टेंडरशुअर’ नावाची ही योजना. जना अर्बन स्पेस या संस्थेने २०११ च्या सुमारास रस्ते कसे बांधावेत याची नियमावली तयार केली आणि पहिल्या टप्प्यात शहराच्या मध्यवर्ती भागातले सात रस्ते घेतले. कल्पना साधी आहे. पाणी, सांडपाणी, वीज, टेलिकॉम यांच्या वाहिन्या गाड्यांच्या रस्त्याखाली ठेवायच्याच नाहीत, फुटपाथखाली आखून घ्यायच्या. प्रत्येकाला आपापली जागा, मध्ये मध्ये चेंबर आणि पुढच्यासाठी शिल्लक पाइप. नवी केबल टाकायची? झाकण उघडा, आत सरकवा, झाकण लावा. डांबराला हात नाही!

ऐकायला सॉल्लिड वाटतं ना? पण करताना दमछाक झाली. खोदायला घेतलं तर नकाशात नसलेल्या जुन्या वाहिन्या निघाल्या. कामं लांबली, ट्रॅफिक तुंबलं, दुकानदार वैतागले आणि नेहमीच्या रस्त्यापेक्षा एवढा जास्त खर्च कशाला, म्हणून टीकाही सडकून झाली. तरी आज त्या रस्त्यांवर चालताना फरक जाणवतो.

मात्र त्याच शहरात या रस्त्यांपासून थोडं दूर गेलात तर? झाडांवर, खांबांवर, फुटपाथवर ऑप्टिकल फायबरची भेंडोळी. अनेक भागांत विजेच्या तारा खाली गेल्या, पण आयटी राजधानीचं इंटरनेट वरच लोंबतंय. वीज कंपनी मोहीम काढून आपल्या खांबांवरच्या बेकायदा केबल्स कापते, त्या परत येतात. म्हणजे पुन्हा आपला तोच प्रश्न: सगळे गेले, की फक्त एक जण?

चांदनी चौक: हमरस्ता आणि गल्ली

दिल्लीतही हेच. लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतचा चांदनी चौकचा रस्ता म्हणजे सव्वा-दीड किलोमीटरचाच, पण वायरींच्या जाळ्यासाठी जगप्रसिद्ध होता. २०१८ च्या अखेरीस काम सुरू झालं, सप्टेंबर २०२१ मध्ये नवा रस्ता खुला झाला. वायरी खाली गेल्या, लाल दगडाची फरशी आली आणि सकाळी ९ ते रात्री ९ मोटारगाड्यांना बंदी. जैन मंदिराची शिखरं, गुरुद्वारा, जुन्या हवेल्यांचे सज्जे असे पुन्हा मोकळे दिसायला लागले. पण बाजूच्या कुठल्याही गल्लीत वळा, वर पुन्हा तेच छत. नोव्हेंबर २०२२ मध्ये या रस्त्यालगतच्या भगीरथ पॅलेस बाजारात आग लागली, ती काही दिवस धुमसत होती. आग विझवणाऱ्यांना नडल्या त्या याच अरुंद गल्ल्या.

गल्ल्यांत काम होतच नाही, असं मात्र नाही. वाराणसीत २०१५ नंतर जुन्या शहराचा सुमारे १६ चौरस किलोमीटरचा भाग भूमिगत केबलवर आणला गेला. खर्च ४०० कोटींच्या वर आणि ग्राहक ५० हजारांच्या आसपास. दोन माणसं धड समोरासमोरून जाऊ शकत नाहीत अशा गल्ल्यांत यंत्र कुठलं शिरणार? हाताने खोदत काम झालं. मनात आणलं तर गल्लीही सुटू शकते.

खालची बाजू

आता इतका वेळ वायरी खाली घालायच्या बाजूने बोलले, तर ‘खालची’ बाजूही सांगायला हवी. आमच्या रस्त्यावर एका रात्री केबल जोडायचं काम चालू होतं. रस्त्यात खड्डा, वर ताडपत्री, आत एक जॉइंटर काका हेडलॅम्प लावून बसलेले. मी डोकावले तर म्हणाले, “ताई, वरची तार तुटली की दिसते. खालची तुटली की शोधावी लागते.”

आणि शोधण्याची पद्धत तरी कशी! बिघाड झालेल्या केबलचा पुरवठा बंद करतात. मग टेस्टिंग व्हॅन येते, ती केबलमध्ये जास्त दाबाचे झटके सोडते. जिथे केबल फुटलेली असते तिथे जमिनीखाली ‘धप्प’ असा आवाज होतो. माणसं रात्रीच्या शांततेत तो आवाज ऐकत रस्त्यावरून चालतात. आवाज सापडला की तिथे खोदायचं. म्हणजे वरचा बिघाड तासाभरात निघत असेल, तर खालच्याला अख्खी रात्र जाऊ शकते, कधी जास्तही.

काकांच्या मते अर्ध्या कटकटी जॉइंटच्याच. केबल कितीही भारी असो, जोड नीट बसला नाही आणि पावसाचं पाणी आत गेलं, की बोंब. हात ओला, घाई आणि वर साहेबाचा फोन, अशा अवस्थेत केलेला जोड पहिल्या पावसातच उत्तर देतो, हे त्यांनी हसत सांगितलं, पण ते हसण्यासारखं नव्हतं.

दुसरा शत्रू म्हणजे शेजारी. पाण्याच्या लाइनवाला खोदतो आणि विजेची केबल तोडतो, विजेवाला खोदतो आणि फायबर तोडतो. फायबर तुटण्याचे प्रकार देशभरात वर्षाला सुमारे दहा लाख आणि नुकसान तीन हजार कोटींचं, असा अंदाज सरकारनेच दिला होता. त्यावर उपाय म्हणून मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप आलं. खोदण्याआधी इथे खाली कोणाचं काय आहे ते विचारा, एवढीच माफक अपेक्षा. लग्नाआधी चौकशी करतो तशी!

तिसरी गोष्ट, खाली गेलेलं सगळंच काही अदृश्य होत नाही. फीडर पिलर, ट्रान्सफॉर्मर, स्विचचे डबे हे जमिनीवरच लागतात, आणि जागा आखलेली नसेल तर ते आपल्या फुटपाथवर येऊन बसतात. पूर येणाऱ्या भागात ते उंचावर नसतील तर पाण्यात जातात. २६ जुलै २००५ ला मुंबईच्या उपनगरांत उपकेंद्रांत पाणी शिरलं आणि कित्येक भाग काही दिवस अंधारात होते. आणि झाडं? वर वायरी असल्या तर फांद्या छाटल्या जातात, खाली नेताना चर खोडाला खेटून घेतला तर मुळं तुटतात. फांदी पुन्हा फुटते. मुळं गेलेलं झाड मात्र पुढच्या वादळात गाडीवर येतं.

मग करायचं काय?

माझं मत विचाराल तर वायरी खाली जायलाच हव्यात. पण एकेक करून नव्हे. रस्ता म्हणजे पाच-सहा भाडेकरूंचा सामाईक फ्लॅट आहे: वीज, पाणी, ड्रेनेज, गॅस, टेलिफोन, इंटरनेट. प्रत्येक जण आपल्या सोयीने भिंत फोडत राहिला तर घर राहण्यासारखं राहील का? एकदाच बसून कोणाची खोली कुठली हे ठरवायचं, एकदाच खोदायचं, पाहुण्यांसाठी एक खोली रिकामी ठेवायची आणि भाडं इतकं वाजवी लावायचं, की बाहेर गॅलरीत झोपणं कोणाला परवडूच नये. म्हणजे पालिकेने स्वतः पाइप टाकायचे आणि कंपन्यांनी ते भाड्याने घ्यायचे. त्यानंतरही जो खांबावर चढेल, त्याची वायर खुशाल कापा!

नुसती वीज खाली घालून पेव्हर ब्लॉक बसवले, तर सहा महिन्यांत तेच ब्लॉक उखडणार. दर वेळी पैसा कोणाचा, हे वेगळं सांगायला नकोच.

तुमच्या रस्त्यावर बोर्ड लागला तर हे पाच प्रश्न विचारा

१. फक्त वीज खाली जाणार, की इंटरनेट आणि टीव्हीच्या केबलसुद्धा? जुने खांब कधी निघणार?

२. पुढच्या केबलसाठी रिकामे पाइप आणि चेंबर टाकताय का? किती?

३. चर रस्त्याखाली, की फुटपाथखाली? झाडाच्या खोडापासून किती लांब?

४. फीडर पिलर आणि डीपी कुठे बसणार? त्यानंतर व्हीलचेअर आणि बाबागाडी जाईल एवढी जागा उरते का? पाणी साचण्याच्या पातळीपेक्षा ते उंच आहेत का?

५. काम झाल्यावर खाली काय, किती खोल आहे, याचा नकाशा कोणाकडे राहणार? आणि तो आपल्याला बघायला मिळणार का?

पाचवा प्रश्न विचारायला अजिबात लाजू नका. वरचा गुंता निदान सगळ्यांना दिसतो. खालच्या गुंत्याचा नकाशा हरवला, की पुढच्या पिढीच्या जॉइंटर काकांना रात्री-अपरात्री जमिनीला कान लावूनच बसावं लागणार. तेव्हा यंदा उकरलेल्या मातीला नावं ठेवत टाचा उंचावून पलीकडे जाण्याआधी, दोन मिनिटं थांबा आणि खड्ड्यात डोकावून बघा. पाइप किती आहेत, ते मोजा. एकच दिसला, तर लगेच वॉर्ड ऑफिसला फोन लावा. चर बुजला, की उशीर झालेला असेल.